त्या पायाचा खर्च

पहिल्या महायुद्धाच्या आधीची काही वर्षं. कॅनडातल्या विनिपेग शहरात एक लहान मुलगा रुग्णालयाच्या धर्मादाय वॉर्डात पडून होता. कुटुंब स्कॉटलंडहून आलेलं, वडील लोखंडाच्या ओतकामातले कामगार. स्कॉटलंडमध्ये असतानाच तो पडला होता, गुडघ्याला मार लागला होता आणि पुढे हाडात पू झाला होता. वैद्यकीय भाषेत ऑस्टिओमायलिटिस. हे दुखणं वरून भरून येतं आणि आतून पुन्हा फुटतं. प्रतिजैविकं बाजारात यायला तेव्हा अजून तीसेक वर्षं होती, त्यामुळे शेवटी पाय कापण्यावर गोष्ट आली. तेवढ्यात एका नावाजलेल्या अस्थिशल्यचिकित्सकाची नजर त्याच्यावर पडली. त्याने आईवडिलांना सांगितलं की मी फुकट शस्त्रक्रिया करतो, फक्त माझ्या विद्यार्थ्यांना ती पाहू द्या. पाय वाचला. टॉमी डग्लस हे त्या मुलाचं नाव. त्याच पायांवर उभा राहून १९२२ साली तो मानिटोबा प्रांताचा लाइटवेट गटातला मुष्टियुद्ध विजेता झाला, नंतर धर्मोपदेशक, आणि १९४४ साली शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. कॅनडाचा सार्वजनिक आरोग्यविमा त्या प्रांतातून सुरू झाला.

ही गोष्ट सांगणारे पाय वाचला इथे थांबतात. मला त्यापुढची एक गोष्ट सतत टोचत राहते. वॉर्ड होता, म्हणजे इतरही पलंग असणार. त्या पलंगांवरच्या मुलांचे आजार कदाचित विद्यार्थ्यांना दाखवण्याइतके विशेष नसतील. कदाचित त्या दिवशी सर्जन दुसऱ्या बाजूच्या जिन्याने गेला असता. तो सर्जन भला माणूस होता यात शंका नाही, पण त्या भलेपणालाही एक अट होती, आणि ती अट मुलाने आपल्या उघड्या गुडघ्याने पुरी केली.

शेजारच्या पलंगाची गोष्ट कुणी सांगत नाही.

देशोदेशीच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना करायची म्हटली की लोक तक्ते काढतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा किती टक्के भाग आरोग्यावर खर्च होतो, हजार माणसांमागे किती डॉक्टर, सरासरी आयुर्मान किती. तक्ते खोटे नसतात, पण त्यांत पलंग दिसत नाही. त्यापेक्षा तोच एक पाय घेऊन देशोदेशी फिरावं असं वाटतं. त्यासाठी आधी हा आजार काय काय मागतो ते पाहायला हवं. सुरुवात साधी असते. ताप, लंगडणं, मूल पाय टेकवायलाच तयार नसतं. पहिले दहा-चौदा दिवस साध्या एक्स-रेमध्ये हाड बहुधा नीटच दिसतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या, रक्तातले जंतू शोधणारं ब्लड कल्चर आणि शक्य असेल तर एमआरआय लागतो. मग शिरेतून प्रतिजैविक, पू साठला असेल तर तो काढण्यासाठी शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर घरी गोळ्या. ताज्या आजारात सगळं मिळून तीन ते सहा आठवडे, जुनाट झाला तर कित्येक महिने. म्हणजे पैशाचा प्रश्न चार ठिकाणी उभा राहतो: पहिली भेट, तपासण्या, शस्त्रक्रिया आणि पलंग, घरची औषधं. यातली शस्त्रक्रिया सगळ्यांना दिसते, म्हणून जवळपास प्रत्येक देश आधी तिचीच सोय करतो. आजार मात्र बिघडतो तो पहिल्या भेटीला उशीर झाल्याने, किंवा शेवटच्या गोळ्या अर्धवट सुटल्याने.

ब्रिटनमध्ये या मुलाच्या घरच्यांना कॅश काउंटर शोधावा लागत नाही. वेल्समधल्या ट्रेडेगर नावाच्या कोळशाच्या गावात खाणकामगारांची एक सोसायटी होती. पगाराच्या दर पौंडामागे तीन पेनी वर्गणी द्यायची आणि घरातल्या सगळ्यांचं औषधपाणी सोसायटीने पाहायचं. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. वर्गणीच्या जागी कर आले, गावाच्या जागी देश. मूल ज्या जीपीकडे, म्हणजे घरच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नोंदवलेलं असतं तिथे त्याला न्यायचं. हे जीपी सरकारी नोकर नसतात, ते करारावर काम करतात आणि त्यांचं मुख्य उत्पन्न नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर ठरतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना औषधांच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना मे २०२४ पासून प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी मात्र हे शुल्क २००७ ते २०११ या काळात एकामागून एक रद्द केलं. फुकट या शब्दाशी बेव्हन किती बांधलेला होता, ते एका गोष्टीवरून कळतं. १९५१ साली चष्मे आणि दातांच्या कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा त्याने मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी मंत्रिपद सोडलेला माणूस मला फार जवळचा वाटतो.

पण पैसे नाही मागितले तरी पैसे संपतातच. वर्षाचं बजेट ठरलेलं, म्हणजे पलंग ठरलेले, शस्त्रक्रियागृहाचे तास ठरलेले. मागणी त्यापेक्षा जास्त झाली की ती रांगेत जाऊन साठते. जीपीच्या भेटीसाठी सकाळी आठ वाजता लाखो लोक एकाच वेळी फोन लावत असतात. आपत्कालीन विभागात चार तासांच्या आत रुग्ण दाखल व्हायला किंवा घरी जायला हवा आणि ठरवून करायच्या उपचारांना अठरा आठवड्यांच्या आत सुरुवात व्हायला हवी, अशी उद्दिष्टं कागदावर आहेत, ती गेली कित्येक वर्षं गाठली गेलेली नाहीत. आपल्या मुलाला याची झळ कमी बसेल, कारण तापाने फणफणलेलं आणि पाय न टेकवणारं मूल पुढे घेतलं जातं. झळ बसते ती त्याच्या आजीला. तिचा गुडघा झिजला आहे, ती मरणार नाही, म्हणून ती थांबते. महिनोन्‌महिने जिना उतरायला घाबरत थांबते. या थांबण्याचं बिल कुठेच छापलं जात नाही, पण ते कुणीतरी भरत असतंच.

जर्मनीची वाट वेगळी आणि बरीच जुनी. बिस्मार्क चान्सलर असताना, १८८३ साली, कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. सुरुवातीला वर्गणीचे दोन भाग कामगाराचे आणि एक भाग मालकाचा असायचा, आता निम्मे-निम्मे. पगाराच्या १४.६ टक्के, वर प्रत्येक विमा-निधीची थोडी जादा वर्गणी. केंद्र सरकार स्वतः विमा चालवायला बसत नाही, ते नियम करतं आणि शंभरेक निधी ते पाळतात. यातली गंमत बारकाईने पाहण्यासारखी आहे. वर्गणी पगारावर ठरते, आजारावर नाही. मधुमेही माणसाला जास्त टक्के नाहीत आणि मुलांसाठी वेगळी वर्गणीच नाही, ती आईबापांच्या विम्यात आपोआप येतात. मग प्रत्येक निधीला धडधाकट तरुणच हवेसे वाटणार नाहीत का? वाटतील, आणि १९९६ पासून निधी निवडायची मुभा मिळाल्यावर तसं व्हायला वावही होता. म्हणून सगळ्यांची वर्गणी आधी एका मध्यवर्ती कोशात जाते आणि तिथून वय, लिंग आणि आजारपण पाहून निधींना परत वाटली जाते. ज्याच्याकडे आजारी माणसं जास्त, त्याला पैसे जास्त. ही फेरवाटणी बातमीत कधी येत नाही, पण ती नसेल तर विमा कंपन्यांची स्पर्धा म्हणजे आजारी माणसाला दारातून परतवण्याची स्पर्धा होते.

रुग्णालयात मोठ्या माणसाला दिवसाला १० युरो भरावे लागतात, तेही वर्षात २८ दिवसांपुरते. मुलांना तेही माफ. एकदा जर्मनीने डॉक्टरच्या दारात काउंटर मांडून पाहिला होता. २००४ पासून दर तिमाहीच्या पहिल्या भेटीला मोठ्या माणसांकडून १० युरो घ्यायचे, म्हणजे लोक उगाच येणार नाहीत, अशी कल्पना. पावत्या आणि नोंदी वाढल्या, भेटी म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत, आणि २०१३ च्या सुरुवातीला ते शुल्क मोडीत निघालं. उगाच येणारा रुग्ण कोण, हे रुग्णाला आधी कसं कळावं? अमेरिकेत सत्तरच्या दशकात रँड या संस्थेने हजारो कुटुंबांना वेगवेगळ्या प्रकारचे विमे देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. पदरचे पैसे भरावे लागले की लोक डॉक्टरकडे कमी गेले हे खरं, पण अनावश्यक भेटी आणि आवश्यक भेटी साधारण सारख्याच प्रमाणात कमी झाल्या. लंगडणाऱ्या मुलाचा बाप खेळताना मुरगळला असेल म्हणून दोन दिवस थांबतो. हाडातला पू थांबत नाही.

इथे डॉक्टरला पैसे कसे मिळतात याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण विम्याच्या चर्चेत हा भाग नेहमी मागे पडतो. प्रत्येक कामागणिक पैसे मिळत असतील तर कामं वाढतात: आणखी एक सोनोग्राफी, आणखी एक फेरी. माणशी ठरावीक रक्कम मिळत असेल तर डॉक्टर रुग्ण टिकवतो, पण अवघड रुग्ण पुढे पाठवायचा मोह होतो. रुग्णालयाला आजाराच्या गटानुसार एकरकमी पैसे मिळाले, जी पद्धत अमेरिकेच्या मेडिकेअरने १९८३ पासून आणली आणि मग जगभर पसरली, तर रुग्णाला लवकर घरी पाठवलं जातं आणि फाइलवर आजार जरा जड शब्दांत लिहिला जातो. वर्षाचं एकच बजेट दिलं तर डिसेंबरचा रुग्ण पुढच्या वर्षावर जातो. निव्वळ पगार दिला तर दुपारी चारला ओपीडीचं दार लागतं. यांतली एकही पद्धत निर्दोष नाही, आणि म्हणून शहाणे देश दोन-तीन पद्धती मिसळतात. आपल्या मुलाच्या बाबतीत बोलायचं तर एकरकमी पद्धतीत त्याला शिरेतल्या औषधावरून गोळ्यांवर लवकर आणलं जाईल. वैद्यकीयदृष्ट्या ते बऱ्याचदा योग्यच असतं. मात्र मग प्रश्न उरतो की घरच्या गोळ्या कोणाच्या खात्यावर.

जपानने या गुंत्यात एक गोष्ट फार निर्धाराने केली: दर एकच. १९६१ पासून तिथे प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या आरोग्यविम्यात आहे. विमे अनेक, नोकरीचे वेगळे, नगरपालिकेचे वेगळे, पण दरपत्रक सगळ्यांना एक. प्रत्येक तपासणीला, प्रत्येक टाक्याला गुण ठरलेले, एक गुण म्हणजे १० येन, आणि दर दोन वर्षांनी या गुणांची फेरमांडणी. एखादी तपासणी फार वाढली की तिचे गुण उतरवले जातात. एमआरआयचे दर असेच उतरले आणि यंत्रं बनवणाऱ्यांना लहान, स्वस्त यंत्रं काढावी लागली. आपल्या मुलाचा एमआरआय तिथे लवकर होईल. साधारणपणे रुग्णाने ३० टक्के भरायचे, पण महिन्याच्या खर्चाला उत्पन्नाप्रमाणे कमाल मर्यादा आहे आणि मुलांचा वाटा बहुतेक ठिकाणी पालिकाच उचलतात. दर कमी म्हणून डॉक्टर दिवसभरात पुष्कळ रुग्ण पाहतात, त्यामुळे दोन तास बसून तीन मिनिटांत बाहेर पडल्याची तक्रार तिथे सगळ्यांच्या तोंडी असते. तीन मिनिटांत गुडघा नीट दाबून पाहिला जाईल का, ही शंका मलाही आहे.

अमेरिकेची व्यवस्था कोणी एका बैठकीत ठरवली नाही, ती साचत गेली. १९२९ साली डॅलसमधल्या एका रुग्णालयाने शाळाशिक्षकांना महिना ५० सेंटवर वर्षाला २१ दिवसांच्या रुग्णालयवासाची हमी दिली. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारने बंधन घातलं, तेव्हा कामगार टिकवायला मालक विमा देऊ लागले, आणि १९५४ च्या करकायद्याने तो विमा करमुक्त असल्याचं पक्कं केलं. तेव्हापासून विमा नोकरीला चिकटला. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं, १९९७ साली मेडिकेडमध्ये न बसणाऱ्या पण विमा न परवडणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी वेगळी योजना, २०१० साली ओबामाकेअर या नावाने ओळखली जाणारी मोठी सुधारणा. म्हणजे आपला मुलगा तिथे सरकारी योजनेत बसू शकतो, बापाच्या कंपनीच्या विम्यात बसू शकतो, किंवा दोन्हींच्या मधल्या फटीत पडू शकतो.

कंपनीच्या विम्यात बसला असं धरू. हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातोच. तरीही वर्षाच्या सुरुवातीला डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम, संपेपर्यंतचा खर्च घरच्यांचा, नंतर काही टक्के वाटा त्यांचा, आणि २०२५ साली नियमाने एका माणसाची कमाल मर्यादा ९,२०० डॉलर होती. एमआरआयसाठी विमा कंपनीची आगाऊ मंजुरी बऱ्याचदा लागते. रुग्णालय कंपनीच्या यादीतलं, सर्जन यादीतला, आणि भूल देणारा डॉक्टर मात्र यादीबाहेरचा, म्हणून वेगळं बिल घरी, हे वर्षानुवर्षं चाललं. ते थांबवणारा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला, पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्यातून वगळली गेली. विमाच नसेल तर? १९८६ च्या कायद्याप्रमाणे आपत्कालीन विभागाने रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. स्थिर करणं म्हणजे बरं करणं नव्हे. जुनाट झालेला हाडाचा पू रात्री दोन वाजता कुणाला मारत नाही, म्हणून तो या कायद्याच्या कक्षेत फारसा येतच नाही. आणि बापाची नोकरी मुलाच्या आजारपणात रजा काढता काढता गेली, तर जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, मात्र मालकाचा वाटाही स्वतः भरून. पगार थांबलेल्या महिन्यात हप्ता कित्येक पटींनी वाढतो. हे लिहिताना माझा हात थांबतो.

श्रीमंत देशांनाच हे जमतं, हा समज थायलंडने मोडला. २००१-०२ मध्ये तिथे, सरकारी नोकर आणि पगारदार कामगार यांच्या योजनांबाहेर राहिलेल्या सगळ्यांसाठी एक योजना आली: एका भेटीचे ३० बात (बात हे तिथलं चलन). पैसे करातून, आणि रुग्णालयांना नोंदवलेल्या माणशी वर्षाला सुरुवातीला १,२०२ बात. काही वर्षांनी ते ३० बातही बहुतांश माफ झाले. हे शक्य झालं ते त्याआधी कित्येक वर्षं जिल्ह्या-जिल्ह्यात छोटी रुग्णालयं बांधली गेली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीची सेवा करावी लागत होती म्हणून. कार्ड वाटायच्या आधी दार बांधलेलं होतं. भारतात १९४६ च्या भोर समितीने नेमकं हेच सांगितलं होतं, ऐपत नाही म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये हे तत्त्व धरून खालपासून वरपर्यंत सरकारी केंद्रांची साखळी. २०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं रुग्णालयातलं संरक्षण आहे, दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस धरून. ओपीडीतली पहिली भेट त्यात नाही. आणि हाडाच्या गोळ्या १५ दिवसांत संपत नाहीत.

पुन्हा कॅनडाकडे. १ जुलै १९६२ रोजी सस्कॅचेवानमध्ये सर्वांसाठी वैद्यकीय विमा सुरू झाला त्याच दिवशी बहुतेक डॉक्टर संपावर गेले. डग्लस तोवर राष्ट्रीय राजकारणात गेला होता, प्रीमियरच्या खुर्चीत वूड्रो लॉईड होता. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर बोलावले. संप २३ दिवस चालला, आणि मिटला तो तडजोडीवर: डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, आपापल्या दवाखान्यात बसतील, कामागणिक बिल करतील, पैसे मात्र सरकार देईल. आजही कॅनडाची व्यवस्था याच तडजोडीवर उभी आहे. १९६६ च्या कायद्याने ती देशभर गेली, १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून जादा पैसे घेणाऱ्या प्रांतांचं अनुदान कापलं जाऊ लागलं. पण त्या कायद्यात शब्द आहेत रुग्णालयाच्या आणि डॉक्टरच्या सेवांचे. रुग्णालयाबाहेरची औषधं, दात, चष्मा, बरीचशी फिजिओथेरपी त्या शब्दांत मावली नाही.

म्हणून आज विनिपेगमध्ये तोच मुलगा तोच गुडघा घेऊन आला, तर त्याला धर्मादाय वॉर्ड लागणार नाही. त्याच्या बापाला सर्जनची नजर पडायची वाट पाहावी लागणार नाही, आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलालाही नाही. एमआरआय, शस्त्रक्रिया, पलंग, शिरेतलं औषध, कशाचंच बिल नाही. मग दहाव्या दिवशी त्याला घरी सोडतील आणि चार-पाच आठवड्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी देतील. औषधाच्या दुकानात पहिला प्रश्न येईल तो बापाच्या कंपनीच्या औषधविम्याचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषधयोजनेचा कायदा झाला, पण त्याचा पहिला टप्पा गर्भनिरोधकं आणि मधुमेहाच्या औषधांपुरता आहे. मानिटोबा प्रांताची स्वतःची औषधयोजना आहे, तिच्यात कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरलेली रक्कम आधी स्वतः भरायची आणि मग प्रांत पैसे देऊ लागतो. लोखंडाच्या ओतकामातल्या माणसाच्या उत्पन्नावर जी रक्कम ठरेल, तिच्या आतच त्या गोळ्यांचा खर्च बहुधा संपून जाईल.